दुसऱ्याचं जनावर

पुसेगाव म्हटलं की पुण्यात बहुतेकांना साताऱ्याकडचं, सेवागिरी महाराजांच्या यात्रेचं पुसेगाव आठवतं. माझं पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. संत नामदेवांची नर्सी आम्हाला जवळ. सोयाबीन, तूर, हळद ही पिकं आणि दावणीला जनावरं, हे आमचं गाव. तिथून शिकून मी पुण्याला आलो, हिंजवडीच्या एका कंपनीत दहाएक वर्षं नोकरी केली आणि 2022 मध्ये ती सोडून लोकांची कुत्री-मांजरं सांभाळायला लागलो. माणसं गावाला गेली, परदेशी गेली, दवाखान्यात दाखल झाली, की त्यांच्या घरी जाऊन, बऱ्याचदा तिथेच मुक्काम करून, मी त्यांच्या जनावराचं सगळं बघतो. हाच माझा पूर्णवेळ व्यवसाय आहे.

दुसऱ्याचं जनावर सांभाळणं ही गोष्ट गावाला नवी नव्हती. आमच्या भागातली अनेक कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. चार-पाच महिने घराला कुलूप. मग शेळ्या, एखादी गाय भावकीत किंवा शेजारी ठेवून जायचं. शेळ्या अर्धलीनं द्यायची पद्धत तर जुनीच आहे. पिल्लं झाली की निम्मी मालकाची, निम्मी सांभाळणाऱ्याची. त्यामुळे मी काय करतो ते सगळ्यांना पहिल्या वाक्यात कळलं. दूध न देणाऱ्या, औत न ओढणाऱ्या जनावरासाठी कुणी रोख पैसे मोजतं, हे मात्र कळेना. माय म्हणाली, "कुत्र्याला सांभाळायचे पैसे देतेत?" दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दुसरंच विचारलं. ते म्हणाले, "दुसऱ्याचं जनावर हाय. तुझ्या हातात मेलं तर काय करशील?"

त्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. पुढे त्या एका प्रश्नावर माझं निम्मं काम उभं राहिलं.

नोकरीबद्दल माझी तक्रार नाही. पगार वेळेवर होता, माणसं चांगली होती. परदेशातल्या एका बँकेची यंत्रणा बंद पडू नये म्हणून आम्ही रात्रपाळीला जागायचो. तक्रारीचं तिकीट यायचं, उघडायचं, सोडवायचं, बंद करायचं. तिकीट किती मिनिटांत बंद झालं यावर आमचं मोजमाप व्हायचं. ते बंद झाल्यावर पलीकडच्या माणसाचं पुढे काय झालं, हे बघायची सोय त्या कामात नव्हती. पहिली काही वर्षं हे खटकलं नाही. नंतर खटकायला लागलं आणि थांबेना.

2021 च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, आमच्या मजल्यावरचं जोडपं एकाच दिवशी दवाखान्यात दाखल झालं. त्यांची लॅब्रॅडॉर कुत्री आमच्याकडे आली. मला गुरांची सवय होती, घरातल्या कुत्र्याची नव्हती. ती दिवसभर दाराकडे तोंड करून बसायची. मी सकाळ-संध्याकाळ तिचा फोटो काढून दोघांना पाठवायचो, सोबत एक ओळ: काय खाल्लं, किती फिरली. दोघं बरे होऊन घरी आले तेव्हा त्या बाई म्हणाल्या, की वॉर्डात रात्र सरता सरत नसे आणि सकाळचा फोटो येईपर्यंत त्या डोळा लावत नसत. आपण कुत्री सांभाळतोय असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात तिची खबर पोचवणं हेही तितकंच मोठं काम होतं.

पुढच्या वर्षी ऑफिसं पुन्हा उघडली. लॉकडाउनमध्ये घरोघरी पिल्लं आणली गेली होती. जन्मापासून माणूस चोवीस तास घरात, अशीच त्यांना सवय. ती आता दहा-दहा तास एकटी राहू लागली. सोफे कुरतडले जाऊ लागले, भुंकण्याबद्दल शेजाऱ्यांच्या तक्रारी येऊ लागल्या. आमच्या सोसायटीतून, मग बाजूच्या सोसायटीतून मला विचारणा होऊ लागली. काही महिने शनिवार-रविवारी करून बघितलं आणि मग पेपर टाकले. बायको शाळेत शिकवते. पहिलं वर्षभर घराचे हप्ते तिच्या पगारातून गेले, हे इथे लिहिलंच पाहिजे. तिच्याशिवाय हे झालं नसतं.

सुरुवातीच्या दिवसांतलं एक घर सहकारनगरातलं. निवृत्त जोडपं, मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेलं. घरात म्हातारा गावठी कुत्रा. आजोबांनी सुवाच्य अक्षरात पानभर सूचना लिहून ठेवल्या होत्या: सकाळी आठ, रात्री आठ, भात आणि चिकन, गोळी कोणती, पट्टा कुठे. मी सगळं बरहुकूम केलं. कुत्र्याने वाटी हुंगली आणि तो बाजूला झाला. दुसऱ्या दिवशीही तेच. डॉक्टरांना दाखवलं. ताप नाही, हिरड्या गुलाबी, पोट मऊ. म्हणाले, दु:ख करतोय, वाट बघा. तिसऱ्या रात्री मला स्वतःलाच भूक आवरेना. त्याची वाटी भरून ठेवली आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी जेवायला बसलो. तो आतल्या खोलीतून उठून आला आणि टेबलाच्या पायाला पाठ टेकवून बसला. माझं ताट संपेपर्यंत हलला नाही. मी हात धुवायला उठलो, तसा तोही उठला, वाटीपाशी गेला आणि सगळं चाटूनपुसून खाल्लं.

आजींना व्हिडिओ कॉलवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, आमची जेवणं झाल्याशिवाय त्याला कधी वाढलंच नाही. शेवटची पोळी त्याची असते ना!" हे पानावर नव्हतं, कारण त्यांच्या लेखी ती सूचनाच नव्हती. ती त्या घराची रीत होती. मालक लिहून देतात ते जनावराबद्दल असतं. घराबद्दल कुणी लिहीत नाही, आणि जनावर तर घरावर चालतं. तेव्हापासून काम घेण्याआधी मी त्या घरी एक पूर्ण जेवणवेळ बसून येतो. कोण कुठे बसतं, टीव्ही कधी लागतो, दार कोण उघडतं, घंटी वाजली की काय होतं, एवढंच बघतो. काही जणांना हे विचित्र वाटतं. मी तरीही बसतो.

नामदेवांची गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असते. कुत्रं पोळी घेऊन पळालं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. लहानपणी आजीने ती सांगितली ती देव सगळ्यांत असतो हे समजावण्यासाठी. ते खरंच आहे. पण या कामात पडल्यावर मला त्या गोष्टीतली आधीची एक गोष्ट जाणवायला लागली. पोळी पळवली जात असताना नामदेवांच्या नजरेला ती कोरडी आहे हे दिसलं. दुसऱ्या कुणालाही चोरी दिसली असती. लोक मला म्हणतात, तुमचं प्राण्यांवर फार प्रेम असणार. असतंच, पण प्रेम मालकांचंही असतं, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. माझं काम पोळी कोरडी आहे हे दिसण्याचं आहे.

बाणेरच्या एका फ्लॅटमधल्या पर्शियन बोक्याने हे मला पक्कं शिकवलं. मांजराच्या ट्रेमधली बारीक माती लघवीने ओली झाली की तिचा गोळा होतो. मी चाळणीने गोळे उचलतो आणि वहीत आकडा लिहितो. कुणाला हे किळसवाणं वाटेल, पण मांजराच्या तब्येतीचा इतका नेमका हिशेब दुसरीकडे कुठे मिळत नाही. त्या बोक्याचा आकडा रोज सकाळी दोन, संध्याकाळी एक असा ठरलेला होता. त्या दिवशी संध्याकाळी गेलो तर ट्रेमध्ये जागोजागी उकरल्याच्या खुणा, आणि गोळा एकही नाही. सकाळच्या नोंदीतही एकच छोटा गोळा होता. बोका येऊन माझ्यासमोर ट्रेमध्ये बसला, जोर केला, काही झालं नाही, उठला, पुन्हा बसला. पोटाला हात लावू देईना.

बोक्याची मूत्रनळी अरुंद असते. बारीक खडा किंवा चिकट गाळ अडकून ती बंद झाली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. मालक त्या वेळी विमानात होते, फोन लागणं शक्य नव्हतं. पण दादांच्या प्रश्नामुळे मी एक कागद करून घ्यायला लागलो होतो. डॉक्टर कोणते, रात्रीचा दवाखाना कोणता, मालक भेटले नाहीत तर निर्णय कुणी घ्यायचा, किती खर्चापर्यंत मला विचारायची गरज नाही. तो सहीचा कागद घेऊन मी बोक्याला तासाभरात दवाखान्यात पोचवलं. गुंगी देऊन नळी घातली, दोन-तीन दिवस दाखल ठेवलं. मालक उतरले तेव्हा त्यांच्या फोनवर सगळी हकिकत वेळेसकट, डॉक्टरांच्या कागदांच्या फोटोंसकट होती. त्यांनी उलट एकही प्रश्न विचारला नाही. मला वाटतं, विश्वास बसतो तो अशाच वेळी. माणूस गोड बोलतो म्हणून कुणी घराची किल्ली देत नाही.

दिवाळी, मे महिना आणि नाताळ हे माझे हंगाम. दिवाळीत लोक गावी जातात आणि शहर फटाक्यांनी हादरतं. त्या दिवसांत मी फिरवणं अंधार पडायच्या आत उरकतो, खिडक्या बंद करून जाड पडदे ओढतो, पंखा आणि टीव्ही चालू ठेवतो, पट्ट्यावर फोन नंबरची पट्टी आहे ना ते दोनदा तपासतो. घाबरलेलं कुत्रं पट्ट्यातून मान काढून पळतं आणि मग सापडत नाही. फराळाचे डबे उंचावर ठेवतो, कारण लाडवावरचा बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतो हे पुष्कळ घरांत माहीत नसतं. कांदा, लसूण, चॉकलेट हेही कुत्र्याला घातकच. औंधच्या एका घरात लक्ष्मीपूजनाची रात्र मी बाथरूममध्ये सतरंजी टाकून काढली. तिथली कुत्री फटाक्यांना घाबरून तिथेच जाऊन बसते. तिला ओढून बाहेर आणायचं नसतं. मी भिंतीला टेकून बसलो, तिने माझ्या मांडीवर हनुवटी टेकवली, आणि माझा तळहात तिच्या छातीवर होता. मोठा आवाज झाला की आधी तिच्या फासळ्यांखाली काहीतरी घट्ट व्हायचं, मग थरथर सुरू व्हायची. मध्यरात्रीनंतर ती थरथर कमी कमी होत गेली आणि ती झोपली. मी हलू शकत नव्हतो.

त्यामुळे दिवाळीला मी गावी जात नाही. पोळ्याला जातो. श्रावणी अमावास्येच्या सुमारास पुण्यात काम कमी असतं. आमच्याकडे अजून एक लाल कंधारी जोडी आहे. गावात बैल फार कमी राहिलेत, ट्रॅक्टर आले, बऱ्याच घरांत आता मातीचे बैल पूजतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. बैलांना धुऊन त्यांच्या खांद्याला तूप-हळद चोळायची आणि उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. लहानपणापासून बघत आलेला हा विधी मी नोकरी सोडल्यावर पहिल्यांदा नीट बघितला. दादा तूप चोळत होते आणि त्यांचं तोंड माझ्याशी पिकाविषयी बोलत होतं. पण बोटं वेगळ्याच कामात होती. जू जिथे बसतं तिथे थांबत, दाबत, पुढे सरकत. एका ठिकाणी बोटं परत मागे आली. "हितं जरा गरम लागायलंय," ते म्हणाले आणि मला हात लावायला सांगितलं. मला आधी काही कळलं नाही. डोळे मिटून पुन्हा हात लावला तेव्हा कळलं.

ते हातानं बघणं मी पुण्यात घेऊन आलो. आता रोज संध्याकाळी प्रत्येक कुत्र्याच्या अंगावरून मी सावकाश हात फिरवतो. कानाच्या मागे, काखेत, बोटांच्या बेचक्यात. पावसाळ्यात तिथेच गोचिडी सापडतात. गोचीड आम्हाला गुरांमुळे ओळखीची. कुत्र्यांना तिच्यापासून होणारा ताप प्लेटलेट आणि रक्त इतकं उतरवतो की उशीर झाला तर कुत्रं हातचं जातं. एका जर्मन शेफर्डच्या मांडीच्या आत मला हरभऱ्याएवढी गाठ लागली. मालकांना वाटलं मी उगाच घाबरवतोय. तपासणीत ती काढून टाकण्याजोगी निघाली आणि काढली. मालक रोज कुरवाळत होते, पण कुरवाळणारा हात पाठीवरून जातो.

दादांच्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायची वेळ दोन-अडीच वर्षांनी आली. हृदयाचा आजार असलेली म्हातारी लॅब्रॅडॉर, मालक मुलाच्या पदवीदान समारंभाला कॅनडात. जायच्या आधी आम्ही बसून बोललो होतो. तिचे दिवस थोडे आहेत हे डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. असं काही झालं तर काय करायचं, कुठवर करायचं, तेही ठरलं होतं. एका रात्री तिचा श्वास बदलला. डॉक्टर घरी आले. मालकांना व्हिडिओ कॉलवर घेतलं. पाणी फुफ्फुसांत भरत होतं, ती आडवी होऊ शकत नव्हती. निर्णय त्यांनी घेतला, पहाटे डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, आणि ते दोघं शेवटपर्यंत स्क्रीनवर तिच्याशी बोलत राहिले. मी फोन तिच्या कानापाशी धरला होता.

त्यांना मी त्या रात्रीची सगळी नोंद पाठवली. काही गाळलं नाही, काही गोड केलं नाही. महिन्याभराने त्या बाईंचा फोन आला. त्यांना एवढंच विचारायचं होतं, की शेवटी ती तहानलेली तर नव्हती ना. वहीत होतं: तीन वाजून दहा मिनिटं, हातावरचं पाणी चाटलं, चार-पाच वेळा. मी वाचून दाखवलं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत, मग थँक्यू म्हणाल्या.

गावी गेल्यावर हे दादांना सांगितलं. त्यांनी विचारलं, उरलेल्या दिवसांचे पैसे घेतले का. मी म्हटलं, परत केले. "बरं केलंस," म्हणाले आणि वैरण टाकायला उठले. त्यानंतर हा विषय त्यांनी काढला नाही. हल्ली पाव्हण्यांना ते स्वतःच सांगतात की पोरगं पुण्यात जनावरं सांभाळतं.

शहरात मान मिळायला जास्त वेळ लागतो. काही सोसायट्यांत वॉचमन मला कुत्र्यासकट सर्व्हिस लिफ्टकडे पाठवतात, काही ठिकाणी कुत्र्याला लिफ्टच बंद. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय, की सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही. त्याची प्रत माझ्या बॅगेत असते. सहसा ती दाखवावी लागत नाही. वॉचमन बहुधा आमच्याच बाजूचा, नांदेड-परभणीकडचा निघतो, आणि गुरांविषयी दोन गोष्टी बोललो की दार उघडतं.

मायला भीती होती ती चावण्याची. आमच्या गावात पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या माणसांनी पोटात चौदा इंजेक्शनं घेतलेली तिने पाहिली आहेत. ती जुनी लस देशात 2005 च्या सुमारास बंद झाली, आता दंडात घेतात, हे तिला सांगितलं तेव्हा तिला बरं वाटलं. हे काम करणाऱ्याने कुत्रं चावायच्या आधीच रेबीजची लस घेऊन ठेवावी. आणि चावा लागला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची, मग थेट डॉक्टर. आधी लस झालेली असली तरी डॉक्टर टळत नाही. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. हे मी गावच्या शाळेत जाऊनही सांगून आलो.

पैशाचं म्हणाल तर पहिल्या वर्षी पगाराच्या निम्मेही सुटले नाहीत. आता घर चालतं, पण जून-जुलै कोरडे जातात, पीएफ नाही, आरोग्य विमा स्वतःचा स्वतः, आणि आजारी पडलं की उत्पन्न थांबतं.

मागच्या महिन्यात जुन्या टीममधल्या एकाचा फोन आला. माणसांचा कंटाळा आलाय, प्राणी बरे, मीही हेच करावं म्हणतोय, असं तो म्हणाला. मी त्याला घाईने हो म्हटलं नाही. माणसांना कंटाळून या कामात येऊ नकोस, म्हटलं, कारण प्रत्येक जनावराच्या मागे एक घर असतं, आणि त्या घराची काळजी, शंका, रात्री अडीचचे फोन सगळे तुझ्याकडे येणार. आधी वर्षभर शनिवार-रविवार करून बघ. आठ-दहा महिन्यांचा खर्च बाजूला टाक. लस घे. एक वही ठेव आणि पहिल्या दिवसापासून लिही, काही घडलं नाही तरी लिही. आणि दिवाळीला घरी येणार नाही, हे आईला आजच सांगून ठेव.